दाढा आणि रहस्यकथा

दातांच्या दवाखान्यात तो बावीस वर्षं कंपाउंडर होता. नंबर लावायचे, हत्यारं उकळायची आणि घाबरलेल्या माणसाला बोलण्यात गुंतवायचं, ही त्याची कामं. मोजायचा नाद मात्र त्याचा स्वतःचा. रोज किती दाढा निघाल्या ते तो कॅलेंडरच्या चौकटीत लिहून ठेवी. डॉक्टर त्याला आकडेशास्त्री म्हणत.

त्याची ताई वाचनालयात होती. एकदा फोनवर ती म्हणाली, "या महिन्यात रहस्यकथांवर नुसत्या उड्या पडल्यात. चारशे दहा गेल्या." इकडे दाढा निघाल्या होत्या एक्केचाळीस. शास्त्रीबुवांनी कान टवकारले आणि तिच्याकडून वर्षभराचे आकडे मागवले. पाहतो तर काय, दाढा वाढल्या की रहस्यकथा वाढत, दाढा घटल्या की त्याही घटत. त्याने तक्ता काढला, लाल रेघ दाढांची, निळी पुस्तकांची, आणि बाकासमोरच्या भिंतीवर डकवला. तेवढंच लोकांना हसू येईल.

लोक हसलेही. हसल्या नाहीत त्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई. गालावर हात धरून त्यांनी तक्ता दोनदा वाचला, दुसऱ्या दिवशी घरातल्या तीन रहस्यकथा परत केल्या आणि सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या सगळ्यांना रहस्यकथांपासून सावध केलं. बाईंचा शब्द कोणी खाली पडू देत नसे.

पंधरा दिवसांत ताईचा फोन आला. "अरे, तुझ्या दाढांनी माझी कपाटं तुंबवलीत. निस्तर आता."

तो बाईंच्या घरी गेला. "बाई, ती गंमत होती. नुसता योगायोग आहे."

"आकडे खोटे आहेत?"

"नाही, खरे आहेत."

"मग?"

तो चपला घालून परत निघाला.

महिनाअखेर रहस्यकथा दीडशेवर आल्या आणि दाढा सत्तेचाळीसवर गेल्या. तो आनंदाने पुन्हा बाईंकडे धावला. "परिणाम दिसायला वेळ लागतो," बाई शांतपणे म्हणाल्या.

मग त्याने बागेच्या माळ्याला गाठलं. रोज फिरायला किती माणसं येतात, हे माळी फाटकाशी बसून मोजत असे. ती रेघही दाढांबरोबर चढत गेलेली. दुसरा तक्ता भिंतीवर लागला.

बाई दाढ दाखवायला आल्या तेव्हा त्यांनी चष्मा पुसून तो वाचला. "म्हणजे आता फिरणंही सोडायचं?"

"तुम्हीच सांगा, बाई."

बाईंनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "मी तीस वर्षं गणित शिकवलंय. हे कुठे बोलू नका."

आत डॉक्टरांनी दाढ पाहिली. "गोड फार खाता का?"

"छे. वाचताना एखादी लिंबाची गोळी."

"एखादी?"

"खुनी सापडेपर्यंत जेवढ्या लागतील तेवढ्या."

कंपाउंडरच्या हातातला ट्रे वाजला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने छताकडे पाहिलं.

दाढ निघाली. तोंडात कापूस धरून बाई तडक वाचनालयात गेल्या आणि खुणेने दोन रहस्यकथा मागून घेतल्या.

"काय जादू केलीस रे?" ताईने संध्याकाळी विचारलं. त्याने गोळ्यांसकट सगळं सांगितलं.

"याचा तक्ता काढू नकोस," ताई म्हणाली.

"नाही काढत," तो म्हणाला आणि आखून झालेला कागद त्याने हळूच उलटा ठेवला.