तालमीत ठोकलेला शड्डू

भुतंखेतं, करणी, बाहेरचं... असलं कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. भोरमध्ये धाकट्या भावाबरोबर, नीलेशबरोबर, वेबसाइटची कामं करते. माझा विश्वास फक्त बॅकअपवर. तरी हे लिहितेय.

कामथडीच्या पुढे एक वाडी आहे, नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या तालमीची वेबसाइट करायची होती. भर दुपारची वेळ. बायकांनी आखाड्याच्या मातीत पाय ठेवायचा नाही, म्हणून मी दारात खुर्ची टाकून बसले. प्लग आत, म्हणून नीलेश लॅपटॉप घेऊन आखाड्याच्या काठावर.

वेबसाइट चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे सीएमएस, काही इन्स्टॉल होईना. दर वेळी तीच एरर — मेमरी लिमिट संपली!

"सेटिंगच्या फाइलमध्ये लिमिट वाढव, १२८ चं २५६ कर, सर्व्हर रीस्टार्ट कर!" मी दारातून ओरडले. केलं. तेच. ५१२ केलं. पुन्हा तेच!

"ताई, किती खातंय गं हे मेलं!" नीलेश वैतागून उठला, मातीत उतरला आणि लॅपटॉपकडे बघत मांडीवर थाप मारून त्यानं दणदणीत शड्डू ठोकला. "ये! बघतोच तुला!"

मी हसले... आणि तेवढ्यात तो आपटला.

अहो, कुणी नव्हतं हो तिथं! पण कुणीतरी ओढावेत तसे त्याचे पाय मागे खेचले गेले आणि तो तोंडावर पडला. नाकातून भळाभळा रक्त. मग मान मागे वळायला लागली. चेहरा काळानिळा, बोटं माती खरवडतायत, आवाज फुटत नाही.

माझ्या किंकाळीनं तालमीचे म्हातारे वस्ताद काठी टेकत धावत आले.

"शड्डू कुनी ठोकला?"

"यानंच... गंमत म्हणून..."

"हितं गंमत नसती! ह्याची पाठ मातीला लागल्याबिगर सुटका न्हाई. चीत कर त्याला!"

"मी? मातीत?"

"ये म्हन्तो न्हवं पोरी, मरंल त्यो!"

गेले. खांदा धरून उलटायला लागले, हलेना. वर अख्खा माणूस बसला होता — दिसत नव्हता, पण त्याचा घाम माझ्या हाताला लागत होता. मी रडत होते, तोंडाला येतील त्या शिव्या देत होते. वस्तादांनी काठी नीलेशच्या छातीखाली घालून जोर लावला. खांदा कटकन निखळला, नील्या गुरासारखा ओरडला... आणि त्याची पाठ मातीला लागली. त्याच क्षणी सगळं वजन गेलं.

भोरला डॉक्टरांनी खांदा बसवला. मग त्याचा डावा कान चाचपत विचारलं, "किती वर्षं कुस्ती खेळताय?"

"एकदाही नाही."

"काहीतरीच काय! असा कान वर्षानुवर्षं घासल्याशिवाय होत नाही."

मी वाकून बघितलं. पैलवानांचा असतो तसा — सुजून, दुमडून, घट्ट झालेला गोळा.

एररचं कारण नंतर सापडलं. आम्ही लिमिट भलत्याच फाइलमध्ये वाढवत होतो. कानाचं कारण मात्र आजवर कुणालाच सांगता आलेलं नाही. त्या दिवशी सकाळी निघताना नीलेशनं त्याच कानात इअरफोन घातला होता. आता तो आत जातच नाही.