कडुबाच्या दोन आया

केरबा धनगर वाळूजच्या एका कारखान्यात फाटकावर राखणदार होता, पण त्याला तिथं कामगार दिसतच नसत. मेंढरं दिसत. सकाळची पाळी आत शिरू लागली की तोंडानं आपोआप 'हुर्रर्र' निघायचं, मागं रेंगाळणाऱ्याला काठीचं टोक लागायचं आणि एखादा कळप सोडून कँटीनकडं वळला तर केरबाच्या जिवाला घोर. साहेबांनी दिलेली खाकी टोपी त्यानं खिळ्याला टांगली होती आणि डोक्यावर आपलं लाल पागोटं. "टोपीनं डोस्कं तापतंय," असं तो सांगे आणि साहेबांनाही हे खोडता आलं नव्हतं.

बायको आक्काबाई खुलताबादच्या डोंगराखालच्या गावात खरा कळप सांभाळून होती. एकुलता मुलगा कडुबा मात्र हॉलंडात. चिकलठाण्याच्या कारखान्यात तो फिटर होता. कारखान्यानं हॉलंडहून यंत्रं मागवली आणि ती चालवायला शिकून ये म्हणून कडुबाला तिकडं धाडलं. यंत्रं आली, कडुबा तिकडंच राहिला. तिथल्या मेंढरांना राखायला माणूस लागत नाही, तारेचं कुंपण पुरतं, हे ऐकल्यापासून त्या देशाबद्दल केरबाचं मत फारसं चांगलं नव्हतं.

नव्वदच्या उन्हाळ्यात कडुबाचं पत्र आलं. त्याचा तिकडचा कारखाना बंद पडत होता आणि राहायचा परवाना त्या कामाला बांधलेला. तिथं त्याला बायको होती, चालायला लागलेली मुलगी होती. त्यानं तिथल्या नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. आजवर शाळेच्या दाखल्यावर भागलं होतं, पण आता त्यांनी जन्माचा दाखला मागितला होता. दाखला आला नाही तर दोघींना तिथं ठेवून परतावं लागेल, असं त्यानं लिहिलं होतं.

केरबा तहसिलात गेला. कारकुनानं जुनी नोंदवही चाळली आणि चष्म्यावरून बघितलं. सरकारदरबारी केरबाला मूलच झालं नव्हतं.

करणी केरबाचीच होती. कडुबाच्या आधीची आक्काबाईची लेकरं पाळण्यातच गेली. मग कडुबा झाला तेव्हा गावच्या रीतीप्रमाणं त्याला सुपात घातला आणि महारवाड्यातल्या भामाला मूठभर जोंधळ्याला विकला. आता तो भामाचा. मरण केरबाच्या दारी आलं तर रिकाम्या हातानं परत जाईल. नावही कडू ठेवलं, तोंडात धरलं तर थुंकून टाकावं असं. कोणीही विचारलं तरी पोर भामाचं सांगायचं, हा त्यातला नेम. लोक तो शेजारीपाजारी पाळत. केरबानं जन्माची नोंद करणाऱ्या कोतवालापुढंही पाळला. उद्या मरण सरकारी वही बघायला गेलं तर? कोतवालानं लिहून घेतलं: आई भामा, बाप धोंडिबा.

"त्या बाईनं इथं साहेबांपुढं येऊन शपथेवर सांगायला पाहिजे, की मूल माझं नाही," कारकून म्हणाला. "आहे का ती जिवंत?"

भामा जिवंत होती. तिचा नवरा धोंडिबा नव्हता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं त्या वर्षी मराठवाडा पेटला, त्यात गावचा महारवाडाही पेटला आणि भामा शहरात निघून आली. पुढं नामांतराच्या मोर्च्यात तुरुंगातही जाऊन आली. केरबा फाटकावरच्या जोडीदाराला सांगून उस्मानपुऱ्यामागच्या पत्र्याच्या खोल्या हुडकत गेला. ती दारात मेथी निवडत बसली होती.

"भामे..." म्हणता म्हणता त्यानं जीभ आवरली. "भामाबाई."

"बाई झाले व्हय मी? मग काम लई मोठं असंल."

"कडुबाचं हाय."

"माझ्या लेकाचं?" ती हसली. केरबानं सगळं सांगितलं तशी आणखी हसली. "म्हंजी सरकारात अजून माझाच हाय तो! इतक्या वर्साची त्याची रेशनची साखर बुडाली की माझी."

"तेवढं येऊन सांग, तुझा नाय म्हणून."

"सांगीन. खरंच हाय ते. आन् आमी तर ती सुपात इकायची खुळं कवाच सोडली." केरबाचा जीव भांड्यात पडला. मेथीची जुडी संपवून भामाबाईनं देठं बाजूला सारली. "पर त्याच दिशी, त्याच साहेबापुढं तूबी येक सांगायचं. आमची वस्ती पेटली त्या सांजंला तू इहिरीवर उभा व्हतास. काय बघितलंस ते."

"मी मेंढरांमागं डोंगरात व्हतो. पोलिसाला बी..."

"पोलिसाला सांगितलंस ते ठाव हाय मला. माझ्या दोन शेळ्या मग कुणी हाकलत तुझ्या मेंढवाड्यात नेल्या?" तिचा आवाज चढला नव्हता. "वाचल्या बिचाऱ्या. सकाळी माघारी बी धाडल्यास. केरबा, शेळ्या सोडवल्यास. आत माणूस तापानं पडलं व्हतं, त्याला येक हाळी घालायची व्हतीस."

पूर्वी ती त्याला अण्णा म्हणायची.

"खटला तर मिटला," केरबा कसंबसं म्हणाला.

"साक्षीदार नाय म्हणून मिटला. मला खटला नको. धोंडिबा दारू पिला, लाथंनं चिमणी पाडली आन् जळून मेला, असं लिवलंय. त्यानं जल्मात दारू पिली नव्हती. तेवढं मला पुसायचंय."

केरबा तिथून थेट गावी गेला. रॉकेलचा डबा कुणाच्या हातात होता हे आक्काबाईलाही माहीत होतं. केरबाचा चुलतभाऊ मल्हारराव. तिच्या कळपाची पाण्याची वाट त्याच्याच बांधावरून होती. ती म्हणाली, "आपल्या पोराला तिनं पदरात घेतलं तवा तिनं कुणाला इचारलं नव्हतं. जा."

"तू ऱ्हाशील इथं एकली?"

"ते मागनं बघू."

तहसिलात आक्काबाईनं शपथेवर सांगितलं, मूल माझं. भामाबाईनं सांगितलं, माझं नाही. मग केरबा उभा राहिला. वस्तीत शिरणाऱ्यांची नावं त्यानं घेतली, पण शेवटचं नाव पागोट्याच्या सुटलेल्या टोकाशी पुटपुटल्यासारखं घेतलं.

"ऐकू आलं नाय," भामाबाई मागून म्हणाली.

"मल्हारराव," केरबा म्हणाला. "माझा चुलतभाऊ."

साहेबांनी मान वर केली. "बाबा, इतक्या वर्षांनी याचा उपयोग काय?"

"मला नाय साहेब. तिला हाय."

साहेबांनी सही केली. भामाबाईनं आपली नक्कल घडी करून पिशवीत ठेवली. केरबानं बाहेर चहा सांगितला होता, पण ती थांबली नाही. "पोराला सांग, मजेत ऱ्हा म्हणावं," एवढं बोलून रिक्षात बसली.

गावात केरबाला कुणी काठीनं मारलं नाही. आक्काबाईला मारायचंही कुणाला कारण नव्हतं. फक्त बांधावरून पाण्याची वाट बंद झाली. मग पिठाच्या गिरणीत तिचं दळण न दळताच बाजूला ठेवलं जाऊ लागलं. सख्खे दीर तोंड चुकवू लागले आणि एके सकाळी मेंढवाड्यात दोन मेंढ्या तोंडाला फेस येऊन मरून पडल्या होत्या. उरलेला कळप खुलताबादच्या व्यापाऱ्यानं येईल त्या भावानं नेला. पोळ्याच्या आधी आक्काबाई बोचकं घेऊन एस्टीतून वाळूजला उतरली. केरबानं तिला लांबूनच ओळखलं. तिच्या मागंपुढं एकही जनावर नसलेलं त्यानं लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं.

फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत ती टेकली. पलीकडं यंत्रांचा आवाज थांबत नव्हता.

"पोराचं झालं का?"

"कागद पोचलेत म्हनं. वरीस लागतंय. कवा कवा जास्त बी."

"आन् नाय म्हणले तर?"

केरबानं उठून दार लोटून घेतलं, आवाज तरी कमी व्हावा म्हणून.

"तवर आपुन कुठलं म्हणायचं?" आक्काबाईनं विचारलं.

केरबानं खाटेवरचं आपलं घोंगडं ओढून जमिनीवर टाकलं आणि तिचं बोचकं उचलून खाटेवर ठेवलं.