नवमीचं पान

अंगात येणं, झपाटणं या गोष्टींची मी आयुष्यभर टिंगल केली. आजही कोणी असलं काही सांगू लागलं की आधी मला संशयच येतो... पण हे माझ्या डोळ्यांदेखत झालं, त्यामुळे हसायची सोय उरली नाही.

१९३३ सालचा भाद्रपद. माझी बायको मालती कित्येक महिने आजारी होती. पोटात अन्न ठरत नव्हतं. दोन घोट पेज, तीही कधी कधी उलटायची. पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणून आतेभावाची मोटार मागून आणली आणि मुंबईहून निघालो. चौकला पोचलो तेव्हा ती एकदम म्हणाली, "अहो, कर्जतला जाऊ या ना. नदी फार छान आहे म्हणतात." वाट वाकडी करणं माझ्या जिवावर आलं होतं — पण तिने कित्येक दिवसांत स्वतःहून काही मागितलं नव्हतं. वळवली मोटार.

गाव खरंच टुमदार. कौलारू घरं, उल्हास नदी काठोकाठ भरलेली, पलीकडे माथेरानचा डोंगर ढगात. मालती काठावर बसून चक्क हसली. तेवढ्यात एक शेतकरी गृहस्थ आले. आडनाव विचारलं, गाव विचारलं, दूरची सोयरीकही काढली आणि मग हात जोडले.

"पावणं, आज अहेव नवमी हाय. माझ्या बायकूचं पान मांडलंय. सांगून ठेवलेली सवाशीण सकाळीच बाहेरची झाली, दुसरी मिळंना. वैनी बसतील का?"

नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी सवाष्णीला जेवू घालतात. हिला घास जात नाही हो, असं मी सांगतोय तोच मालती उठलीसुद्धा. "बसते मी. पान रिकामं राहू नये."

मी ओसरीवर, ती माजघरात. वडे, खीर, अळूची भाजी... ती जेवत होती. खरोखर जेवत होती! पुन्हा वाढून घेत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग वाढणाऱ्या बाईला, म्हणजे त्या गृहस्थांच्या बहिणीला, ती म्हणाली, "चिमे, खिरीत वेलची जास्त झाली गं. तुझ्या दादाला सोसायची नाय."

त्या बाईच्या हातातली पळी पडली. "मला समदी शांता म्हनतात," ती रडत म्हणाली. "चिमे म्हनून फकस्त वैनीच हाक मारायची."

ओटी भरून घेऊन आम्ही निघालो. मालती गाडीत गाढ झोपली. खोपोलीला, घाटाच्या पायथ्याशी, तिला जाग आली.

"अहो, काहीतरी खायला घ्या ना. फार भूक लागलीय."

"अगं, आत्ताच तर पोटभर जेवलीस."

"कुठे? आपण नदीवर बसलो होतो ना?" ओटीतला नारळ हातात घेऊन ती माझ्याकडे बघत राहिली.

केळं आणून दिलं. पहिलाच घास उलटून पडला. मी घाबरलो, सरळ सांगतो.

पुण्याच्या डॉक्टरांनी शर्थ केली. दिवाळीच्या आधी मालती गेली — उपाशी गेली.

ते नाव तिला कुठून कळलं, ते जेवण कोणाच्या पोटात गेलं... कोणी समजावून सांगेल तर उपकार होतील. मला आजवर उलगडलेलं नाही. नवमीला आता मी मालतीचं पान मांडतो. शेजारच्या वहिनी बसतात, व्यवस्थित जेवतात. मी दारापाशी उभा राहून कान देऊन ऐकत असतो. भाजीला नावं ठेवील, माझ्यावर चिडेल, काहीतरी बोलेल...

वहिनी हात धुतात, "छान झालं होतं हो सगळं," म्हणतात आणि घरी जातात.