बाबांची 'दोन बदाम' ही थाप नव्हती

दुपारच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की जिल्ह्याच्या पत्त्यांच्या ब्रिज स्पर्धेत बाबांनी थाप मारली आणि आम्ही जिंकलो. ते चूक आहे.

शेवटच्या डावात बाबांनी 'दोन बदाम' बोली लावली. समोर वालूरचे निवृत्त सर होते. नियमाप्रमाणे त्यांनी मला, म्हणजे बाबांच्या जोडीदाराला, बोलीचा अर्थ विचारला. मी म्हणाले, "भारी पानं आहेत." सरांनी 'पास' म्हटलं.

खरं तर या बोलीवर बाबांची पानं हलकीच असतात. ही उलटी बोली माझ्या दादानं घरी ठरवलेली. तो वारल्यापासून त्याच्या जागी मी बसते.

पानं उघडी पडल्यावर सर हसले. "काय थाप मारली हो! आमची इस्पिकची बोली राहूनच गेली की."

थाप चालते, पण तिनं जोडीदारही फसायला हवा. आपसात ठरलेलं असेल तर विचारणाऱ्याला खरं सांगावंच लागतं.

परतताना मी म्हणाले, "बाबा, सरांना सांगू या."

"तुझ्या दादाची आठवण हाय ती. लोकायला कशाला सांगायलीस?"

राज्य स्पर्धेसाठी नावं शुक्रवारी जाणार आहेत. सरांच्या जागी आमची. मी सांगितलं तर बाबांचा खेळ कदाचित बंद होईल, आणि दादा गेल्यापासून ते घराबाहेर पडतात ते फक्त खेळायलाच.

तुम्ही काय केलं असतं? सर फेसबुकवर नाहीत, त्यामुळे इथे लिहून भागणार नाही. मी गुरुवारी सकाळी वालूरला जाणार आहे.