लोकांना आवडलेला घोगरा आवाज

"रिपोर्टमध्ये कॅन्सर आलाय. थायरॉइडचा," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच्या पेनांकडे बघत होते. अशा वेळी पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी काही सरकली नाही. गच्चीत वाळत घातलेले कपडे काढायचे राहिलेत, एवढंच डोक्यात आलं.

"आवाज कधीपासून असा आहे?" त्यांनी विचारलं.

"चार महिने," मी म्हणाले.

शेजारी बसलेले हे म्हणाले, "दोन वर्षं."

मी यांच्याकडे बघितलं. आमच्या लग्नाला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. डॉक्टरांसमोर माझं वाक्य खोडायची यांची ही पहिलीच वेळ.

कोण मी, ते सांगते. मी भावगीतं गायचे. नाशकात आणि आजूबाजूला 'कुसुमताई' म्हटलं की त्या पिढीतले बरेच लोक ओळखायचे. लग्नाची रिसेप्शनं, गणपती, कोजागिरी, मनमाडला रेल्वे कॉलनीतले कार्यक्रम, दिंडोरीकडच्या बागायतदारांच्या घरची साखरपुड्यापासूनची सगळी कार्यं. हे सहकारी बँकेत कारकून, आणि संध्याकाळी माझ्या साथीला पेटीवर. चांदणं, मोगरा, वाट पाहणं आणि रुसवा, या चार गोष्टींवर मी पंचवीसेक वर्षं काढली. पन्नाशीला टेकलेल्या बाईने रोज नव्याने प्रेमात पडायचं म्हणजे चेष्टा नाही. पण लोकांना ते हवं होतं आणि मलाही.

आता दुखण्याचं. पहिलं लक्षण कुठलं, असं मला पुष्कळ जण विचारतात. माझ्या लक्षात आलेलं पहिलं लक्षण म्हणजे ठुशी. मनमाडच्या एका कार्यक्रमाआधी ठुशीचा गोंडा नेहमीपेक्षा सैल बांधावा लागला. मी म्हटलं, बाई सुटली! जेवण कमी केलं. मग पाणी पिताना ठसका लागू लागला. तेव्हाही मी पाण्यालाच दोष दिला. शेवटी यांनी आरशासमोर उभं करून मला आवंढा गिळायला लावलं, तेव्हा गळ्यात डाव्या बाजूला सुपारीएवढं काहीतरी वरखाली होताना दिसलं.

तपासण्या तशा सोप्या होत्या. सोनोग्राफी झाली. मग एफएनएसी, म्हणजे गाठीत बारीक सुई घालून आतल्या पेशी काढतात आणि तपासतात. दुखतं, पण दात काढण्याइतकं नाही. त्याच्या रिपोर्टात 'पॅपिलरी कार्सिनोमा' आलं. कॅन्सरांमध्ये त्यातल्या त्यात सरळ स्वभावाचा, हळू वाढणारा, असं डॉक्टरांनी समजावलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घालून स्वरतंतू बघितले. उजवा नीट हलत होता. डावा आळसावला होता. स्वरतंतूला हलवणारी नस थायरॉइडच्या मागून जाते, आणि गाठ त्या नसेवर बसली होती.

त्या दिवशी परत येताना रिक्षात मी विचारलं, "दोन वर्षं कुठून काढलीत?"

हे रस्त्याकडे बघत म्हणाले, "मागच्याच्या मागच्या कोजागिरीला तू वरच्या सा वर अडखळलीस. पुढच्या कार्यक्रमात मी पट्टी अर्धा सूर खाली घेतली. नंतर आणखी अर्धा."

"किती अर्धे?"

"तीन. काळी चारवरून पांढरी चारवर आलोय आपण."

गाणं न शिकलेल्यांसाठी सांगते. पट्टी म्हणजे गायकाने कुठल्या उंचीवर गायचं ते. पेटीवाला जो सूर देतो, तो मी सा धरते. यांनी सूर जरा खालचा दिला, मी तोच आपला समजून गायले. इतक्या वर्षांच्या साथीदाराचा सूर कोण तपासून घेतं?

"मला सांगायचं नाही?"

"तू गाणं बंद केलं असतंस, कुसुम."

ते खरं होतं.

याच्यापेक्षाही वाईट गोष्ट वेगळीच आहे, आणि ती सांगायलाच मी हे लिहायला बसले. त्या दोन वर्षांत माझा आवाज लोकांना सगळ्यात जास्त आवडला. जरा खाली आलेला, जरा घोगरा, शब्दाच्या शेवटी नुसती हवा सुटणारा. "ताई, आवाजात दर्द आलाय," म्हणायचे लोक. बायका डोळ्याला पदर लावायच्या. जुन्याच गाण्यांना वन्समोअर मिळायला लागले. मी घरी आरशात बघून स्वतःला सांगायचे, बघ, वय झालं की गाणं पिकतं. पिकत काही नव्हतं. नस दबत होती.

तेव्हा कुणाचाही घसा तीन आठवड्यांत मोकळा झाला नाही, तर हळद-दूध, ज्येष्ठमध आणि 'तुम्हाला असाच आवाज शोभतो' म्हणणारे लोक, तिन्ही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. विशेषतः ज्यांचं पोट आवाजावर आहे त्यांनी. मास्तर, कीर्तनकार, भाजीवाल्या मावश्या, सगळ्यांनी.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जन आमच्या खोलीत आले. मृदू बोलणारे गृहस्थ. खुर्ची ओढून बसले, तेव्हाच मला कळलं की काहीतरी अवघड सांगायचंय.

"पूर्ण थायरॉइड काढणार आहे. नस सुटली तर सोडवीन. नाही सुटली तर दोन मार्ग. नस राखायची, तिच्यावर रोगाचा पातळ थर राहील, तो नंतर औषधाने जाळायचा प्रयत्न करायचा. सगळा जळेलच असं सांगता येत नाही. किंवा नसेसकट सगळं काढायचं. मग बोलाल तुम्ही, पण गाणं... अवघड आहे. आत गेल्यावर मला तुम्हाला विचारता येणार नाही."

हे लगेच म्हणाले, "नस राखा."

सर्जन माझ्याकडे बघत राहिले. "मला ताईंकडून ऐकायचंय."

"काढा," मी म्हणाले.

नंतर कितीतरी जणांनी माझ्या धैर्याचं कौतुक केलं. धैर्य कसलं? मला काही वाटतच नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या तरी घराचा व्यवहार ठरवावा तसं मी ते बोलले. आणि थोडा रागही होता, तो मात्र नक्की होता. ज्या आवाजाला टाळ्या पडत होत्या तो माझा नव्हता. त्याच्यासाठी गाठीचं एक टरफलसुद्धा मी गळ्यात ठेवणार नव्हते.

हे उठून बाहेर गेले. जाता जाता दारात सर्जनना विचारलेलं मला ऐकू आलं, "दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर नस वाचली असती?"

"कदाचित," सर्जन म्हणाले.

नस सुटली नाही.

शुद्धीवर आले तेव्हा गळ्याला नळी होती. दुसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या. मग बोटं बधिर झाली, आखडायला लागली. थायरॉइडला चिकटून चार इवल्या ग्रंथी असतात, त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का बसतो आणि कॅल्शियम उतरतं. सलाइनमधून कॅल्शियम दिलं की थांबतं, पण मुंग्या आल्या की लगेच नर्सला सांगायचं, सहन करत बसायचं नाही. मी सहन करत बसले होते. मनाला मुंग्या येऊन इतके दिवस झाले होते की हातालाही आल्या याचं मला नवल वाटलं नाही.

बोलायला बंदी होती. मी पाटीवर लिहायचे. हे दोन्ही वेळा डबा आणायचे, मऊ भात, वरण, दुधी. समोर बसायचे आणि माझ्या गळ्यावरच्या पट्टीकडे बघायचे. एकदा म्हणाले, "तेव्हाच बोललो असतो तर..." मी पाटीवर लिहिलं, 'तुम्ही पट्टी उतरवलीत. गाठ नाही चढवलीत.' ते वाचून हसले आणि मग खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. त्या सगळ्या आजारात मी यांना रडताना तेवढंच बघितलं. मी मात्र रडले नाही.

पुढे मुंबईला रेडिओअॅक्टिव्ह आयोडीन दिलं. एक गोळी गिळायची. कुठे थायरॉइडच्या पेशी उरल्या असतील तर त्या आयोडीन शोषतात आणि जळून जातात. तेवढे दिवस आपल्या अंगातूनच किरणं निघतात, म्हणून एकटीला खोलीत ठेवतात. जेवण दाराशी ठेवून बाई मागे सरकायची. मला त्या खोलीचा त्रास झाला नाही. उलट कुणी 'कसं वाटतंय' विचारत नव्हतं, ते बरं होतं. पुढच्या स्कॅनमध्ये काही दिसलं नाही. डॉक्टरांनी अभिनंदन केलं, यांनी पेढे वाटले, मी एक खाल्ला.

आता रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेते, जन्मभर. स्पीच थेरपीच्या मुलीने दोन्ही तळवे टेबलाला रेटून 'आ' म्हणायला शिकवलं. धड असलेला उजवा तंतू डाव्याला जाऊन टेकायला शिकतो. तसा तो शिकला. त्यातून जो आवाज निघाला तो जाड, खालचा, थोडा फाटका. भाजी घ्यायला पुरतो. गायला पुरत नाही. ज्यांच्यावर हीच वेळ आलीय त्यांना मी खोटं सांगणार नाही, गाणं परत आलं नाही. कार्यक्रमाचं कुणी विचारलं की हे परस्पर नाही म्हणून सांगायचे.

वर्ष उलटून गेलं असेल. दुपारची वेळ होती, हे बँकेत गेले होते. फोन वाजला, मी उचलून "हॅलो" म्हटलं.

"हॅलो, काका? मी दिंडोरीहून बोलतोय," पलीकडून एक गडी म्हणाला. "जरा कुसुमताईंना द्या ना फोन."

माझा आवाज ऐकून तो मला पुरुष समजला होता. चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं, पण माझ्याने होईना.

"काय काम होतं?" मी विचारलं.

"कार्यक्रम ठरवायचा हे. आमच्या लग्नात त्या गायल्या व्हत्या. आता बहिणीचं ठरलंय. आमची आई म्हणती, गाणं ठेवायचं तर कुसुमताईंचंच, नाय तर नको."

"त्या आता गात नाहीत."

"काय सांगता! का हो?"

"आजारी होत्या."

तो घाबरला. "लय जास्त व्हतं का? आता कशा हायेत?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला होता आणि मी प्रत्येकाला 'ठीक' म्हणून वाटेला लावलं होतं. पण हा माझ्याबद्दल मलाच विचारत नव्हता. गाणाऱ्या एका बाईबद्दल विचारत होता, आणि त्या बाईची मला एकदम फार काळजी वाटली.

"बऱ्या झाल्या," मी म्हणाले. "पूर्ण बऱ्या झाल्या त्या."

"मग झालं काका!" तो म्हणाला. "गाणं नसलं तरी चालंल. ताईंना म्हणावं, नुसतं जेवायला या. आई वाट पाहील."

फोन ठेवला आणि मी तिथेच जमिनीवर बसले. हुंदका आला तो आवरेना. चांगली मोठ्याने रडले, त्या फाटक्या आवाजात, शेजारी काय म्हणतील याची पर्वा न करता. हे बँकेतून आले तेव्हाही माझं थांबलं नव्हतं. यांचा चेहरा पांढरा पडला. पिशवी हातातच धरून म्हणाले, "काय झालं?"

मी म्हटलं, "अहो, मी बरी झालेय."