शांततेच्या म्हाताऱ्याचं नाक

माझे काका गणपती करायचे. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात निम्मा दोष गणपतीचा आहे आणि उरलेला माझा.

आमचं गाव अंबरनाथच्या बाजूला, निर्वासितांच्या कँपाला अगदी लागून. फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या बराकींमध्ये सिंधी कुटुंबं राहायला आली. मग सरकारने गाव आणि कँप यांच्या मधोमध एक नळ बसवला. नळाला सकाळी तासभर पाणी यायचं. गावाचं म्हणणं, जमीन आमची आहे. कँपाचं म्हणणं, नळ आमच्यासाठी आला आहे. उन्हाळ्यात आमची विहीर आटली की हा वाद हंडे आणि बादल्या घेऊन खेळला जाई. अशाच एका सकाळी बादलीची कड लागून काकूचं कपाळ फुटलं.

ती घरी आली तेव्हा काकांनी विचारलं, "हंडा भरला का?"

"भरला," काकू म्हणाली. "आणि कपाळही भरलंय, ते बघा आधी."

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे छापलेलं सगळं मला खरं वाटायचं. परदेशात काही ठिकाणी लोकांनी शांततेने राहावं म्हणून चौकात पुतळे उभे करतात, असं मी नुकतंच वाचनालयात वाचलं होतं. जेवताना मी ते चाचरत सांगितलं.

"पुतळा बघून माणसं भांडायची थांबतात?" कपाळाला पट्टी बांधलेल्या काकूने विचारलं.

"तसं लिहिलंय."

"मग देवाची मूर्ती समोर असताना देवळाबाहेरच्या चपला का चोरीला जातात?"

त्याबद्दल कुठे काही छापलेलं नव्हतं. पण काकांचा घास हातातच राहिला होता. ते वयाच्या दहाव्या वर्षापासून शाडूच्या मूर्ती करत होते, आणि त्यांची सगळी कमाई नदीच्या तळाशी होती. दीड दिवस, पाच दिवस, दहा दिवस, की चालली पाण्यात. ते हळूच म्हणाले, "एक तरी अशी करावी, जी मी मेल्यावरही उभी असेल."

एवढंच. पण त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना.

देव करायचा नाही, हे त्यांचं पक्कं होतं. "देव म्हटला की तो कोणाचा तरी होतो. आपण साधा माणूस करू. म्हातारा. एका हातात पाण्याचा लोटा, दुसरा हात पुढे. थांबा, रांगेने या, असा."

कँपात एक पापडवाले चाचा होते. त्यांची आणि काकांची ओळख वाळवणामुळे झाली होती. दोघांनाही कडक ऊन हवं असायचं आणि दोघेही ढगांना शिव्या घालायचे. चाचांनी बराकीच्या डागडुजीतून उरलेलं सिमेंट मिळवून दिलं. आतल्या सांगाड्याला लष्कराच्या मोडक्या खाटांचे लोखंडी पाय आले. वाळू गावाने दिली. मी फार भारावून गेलो होतो. दोन्ही बाजूंच्या मालाने शांतता उभी राहते आहे, असं एक वाक्य मी वहीत लिहूनही ठेवलं. ते पान नंतर फाडलं.

अडचण अशी होती की काकांच्या हाताला चाळीस वर्षांची सवय. म्हाताऱ्याला पोट आलं. काकांनी ते तासलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं. पुढे केलेला हात 'थांबा' म्हणण्याऐवजी आशीर्वाद द्यायला लागला. आणि खरा घोळ तर डोळ्यांच्या खाली होता. तिथे काकांनी जन्मभर सोंड केली होती. नाक, ओठ, हनुवटी यांच्याशी त्यांचा कधी संबंधच आला नव्हता.

नाकासाठी चाचा समोर बसले. चार दिवस बसले.

"साईं, जल्दी करो. मेरे पापड धूप में अकेले हैं, कौवे दावत उड़ा रहे हैं."

"हलू नका चाचा. तुमचं नाक दर वेळी वेगळं दिसतंय."

"नाक वही है, तुम्हारी नज़र गणपती की है!"

सातव्या खेपेला नाक जमलं. लांब, मधे जरासं वाकलेलं, अगदी चाचांचं. काका ते रोज ओल्या फडक्याने पुसायचे, काकूच्या जखमेलाही कधी इतकं जपलं नसेल. हनुवटी मात्र काही केल्या जमेना. शेवटी त्यांनी तिच्यावर दाढी चढवली. "दाढीखाली काय आहे ते कोण बघतंय?" ते म्हणाले. मी म्हणालो, "फार छान दिसते, काका." ही माझी दुसरी चूक.

म्हातारा नळाशेजारच्या चौथऱ्यावर बसला. खाली मी रंगाने 'शांतता राखा' असं लिहिलं. काकू बघायला आली आणि म्हणाली, "दवाखाना वाटतोय."

पहिला आठवडा खरोखर चांगला गेला. नवा म्हातारा बघायला लोक थबकायचे, त्यातच आपोआप रांग लागायची. मग एका मंगळवारी त्याच्या पायाला शेंदूर दिसला. दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे दिवा आणि गोड भाताची थाळी होती.

काका आधी आमच्या गुरवाकडे गेले. मी बरोबर होतो.

"शेंदूर तुम्ही लावलात?"

"मंग? आरं, प्वाट बघ, बसणी बघ. ह्यो आपला गावदेव. माझ्या सपनात आला व्हता."

"गावदेवाला दाढी कुठे असते?"

"सपनात व्हती," गुरव म्हणाला, आणि विषय संपला.

मग आम्ही कँपात गेलो. चाचा नजर चुकवत पापड पलटत होते.

"साईं, दाढ़ी है, पानी है, हाथ में आशीर्वाद है. पानी के देवता, हमारे झूलेलाल नहीं तो और कौन?"

"अहो, ते तुमचं नाक आहे!" काका ओरडले.

"तो क्या हुआ? मालिक की मर्ज़ी."

पंधरा दिवसांत भांडण पहिल्यापेक्षा मोठं झालं. आधी ते फक्त पाण्यावरून होतं, आता त्यात देवही उतरला. गावाला म्हाताऱ्यावर देऊळ बांधायचं होतं, कँपालाही बांधायचं होतं, आणि ज्याचं देऊळ त्याचा नळ हे दोघांनाही मान्य होतं. दोन्हीकडून निरोप आले की उद्या सकाळी पायाचा दगड ठेवणार. संध्याकाळी गावात काठ्या गोळा होऊ लागल्या. कँपात खाटांचे उरलेले पाय निघाले.

पहाटे काकांनी पिशवीत छिन्नी आणि हातोडा टाकला. ते काय करणार, हे मला कळलं. आमच्या धंद्यात हे शेंबडं पोरही जाणतं. मूर्तीचा टवका उडाला की ती खंडित झाली. खंडित मूर्ती पुजत नाहीत. नखाएवढी चीर दिसली तरी गिऱ्हाईक मूर्ती घेत नाही.

मी म्हणालो, "काका, मग आत्ताच जाऊ या. अजून अंधार आहे, कोणी बघणार नाही."

"अरे शहाण्या," काका म्हणाले, "कोणी बघितलं नाही तर गाव म्हणेल कँपाने फोडली, कँप म्हणेल गावाने. मग माणसं खंडित होतील. सगळ्यांनी बघायला पाहिजे."

म्हणून आम्ही नळाच्या वेळेला गेलो. दोन्ही बाजूंचे लोक जमले होते, मधे पायाचे दोन दगड होते. काका सरळ चौथऱ्यावर चढले आणि एका घावात त्यांनी म्हाताऱ्याच्या पायाची करंगळी उडवली.

मग गुरव वाकून बघत म्हणाला, "येवढ्याशानं काय व्हतंय? शेंदूर थापला की झाकंल."

पलीकडून कोणीतरी म्हणालं, "चादर चढ़ा देंगे."

काका थांबले. त्यांनी वर बघितलं. मला वाटलं, ते आता खाली उतरतील. ज्या हाताने चाळीस वर्षं मूर्तीवर साधा ओरखडाही येऊ दिला नव्हता, त्याच हाताने त्यांनी छिन्नी नाकाच्या मुळाशी लावली. तीन घाव लागले. नाक खाली पडलं आणि घरंगळत नळाच्या चिखलात गेलं.

चाचांचा हात आपल्या नाकावर गेला.

"गेला देव," गुरव म्हणाला. मग त्याने काकांना जी शिवी दिली ती इथे लिहिता येणार नाही. कँपातल्या एका म्हातारीने सिंधीतून तशीच काहीतरी दिली असावी, कारण गुरवाने तिच्याकडे बघून मान डोलावली. हा माणूस ठार वेडा आहे, यावर त्या सकाळी गाव आणि कँप यांचं एकमत झालं. तासभर दोन्हीकडचे लोक एकमेकांना तेच सांगत होते. पायाचे दगड तसेच राहिले. आता बायका त्यांच्यावर कळशा ठेवतात.

भांडणं थांबली असं मी म्हणणार नाही. पण आता ती पाण्याची आहेत, आणि पाणी गेलं की संपतात. म्हाताऱ्याच्या पुढे आलेल्या हातावर मुलं दप्तरं अडकवतात. त्याच्या डोक्यावर कावळा बसलेला असतो. कोणी हात जोडत नाही.

महिन्याभराने चाचा आमच्याकडे आले. कागदात थोडं सिमेंट होतं. "अब तो सब ठंडा है, साईं. नाक लगा दो. अच्छा नहीं लगता."

काका त्यांच्याबरोबर नळावर गेले. त्यांनी सिमेंट भिजवलं, गोळा तळहातावर घेतला, आणि बोलता बोलता त्यांच्या बोटांतून नाक उतरलं. एकाच खेपेत. पहिल्यापेक्षा चांगलं. चाचा ते बघून हसले. मीही हसलो.

काकांनी ते म्हाताऱ्याच्या चेहऱ्याशी धरून बघितलं, मग त्यांची नजर पायाच्या त्या दोन दगडांवर गेली. मग मूठ मिटली, चेंदा केला आणि त्या लगद्याने नळाच्या ओट्याची भेग बुजवली. नंतर हात धुवायला ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.