स्पिरिटने पुसलेलं कुंकू

परवा दवाखान्यात स्पिरिटचा वास आला आणि मला तंजावूरच्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली. शेतातली माती तपासायला शिकवण्यासाठी परदेशी प्रशिक्षक यंत्र घेऊन आले होते. आमच्याकडे नव्या यंत्राला चंदन-कुंकू लावल्याशिवाय कुणी बटण दाबत नाही. माझ्या मैत्रिणीने, सेल्वीने, ते लावलं. फोटो निघाले.

शेवटच्या दिवशी प्रशिक्षक स्पिरिटच्या बोळ्याने कुंकू पुसू लागले.

“सर, यंत्र इथेच राहणार ना?” सेल्वीने विचारलं.

“नाही, आता पुढच्या देशात प्रशिक्षण आहे.”

“मग आम्ही माती कशावर तपासायची?”

“प्रमाणपत्र दिलंय ना तुम्हाला.”

“त्यात माती घालून बघू?”

सगळे हसले, मीही हसले. आज त्या हसण्याची चीड येते. आता असल्या प्रशिक्षणाचं बोलावणं आलं, की मी आधी विचारते: यंत्राला कुंकू लावायचं की नाही?